माझं सैन्य गुलाबाईबरोबर सासरी गेलं

माझ्याकडे एकेकाळी स्वतःचं सैन्य होतं आणि ते स्वयंपाकघरात मधल्या फळीवर, मेतकुटाच्या बरणीशेजारी राहत असे.

सैन्य म्हणजे बुटक्यांचं. प्रत्येक जण करंगळीच्या वरच्या दोन पेरांएवढा, शिशाचा. पोटापर्यंत दाढी, डोक्यावर शिरस्त्राण, हातात कुऱ्हाड, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपल्या जागेवर कोणीतरी रुमाल टाकून बसलंय. (जळगाव-धुळे एसटीने उभ्याने गेलेल्यांना हा भाव लगेच कळेल.) हे बुटके डोंगराच्या पोटात राहतात, सोनं खणतात आणि एकदा राग धरला की पिढ्यान्‌पिढ्या सोडत नाहीत, अशी त्यांची ख्याती. विलायतेत म्हणे चांगली मोठाली माणसं असे बुटके विकत आणतात, रंगवतात, टेबलावर मांडतात आणि एकमेकांशी लढाया करतात! फूटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि कोण मेलं ते फाशांनी सांगायचं. हे सगळं ज्ञान मला दादाकडून मिळालं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, इंग्लंडात इंजिनिअर होता. मी जळगावात एका सरकारी कचेरीत आरेखक होतो; म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या वाकड्या रेघा शाईने सरळ करायचो. वडील गेलेले. माझं लग्न झालेलं नव्हतं. घरात मी आणि आई, संपली खानेसुमारी.

वडील बोदवडला स्टेशनावर नोकरीला होते तेव्हा मी आणि दादा क्वार्टरच्या ओट्यावर लढाया खेळायचो. सरकीचं पायदळ, चिंचोक्यांचं घोडदळ, आणि मालगाडी आली की युद्धबंदी. पुढे दादा शिकायला पुण्याला गेला, तिथून परस्पर साता समुद्रापार गेला, आणि माझ्याशी लढायला कोणी उरलं नाही. आईशी भांडण व्हायचं, पण त्याला लढाई म्हणता येत नाही. तिथे मी तह करूनच रणांगणात उतरायचो.

अशात दादाचं पत्र आलं. 'धुळ्याचे एक डॉक्टर इकडून परत निघालेत. त्यांच्याबरोबर खोकं पाठवतोय, जाऊन घेऊन ये. अर्धं सैन्य तुला, अर्धं मी ठेवलंय. तू तुझे बुटके रंगव, मी माझे रंगवतो. कोजागिरीच्या सुमाराला येतोय. मग बघतो तुला!'

'मग बघतो तुला' हे मी इतक्यांदा वाचलं की पत्राची घडी तिथेच फाटली. किती वर्षांनी मला कोणीतरी बघून घेणार होतं! मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून धुळ्याला गेलो. डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईने खोकं ओढत ओढत बाहेर आणलं.

"काय शे रे भाऊ हाई? इतलं जड?"

"शिशाचे बुटके आहेत, आजी."

आजींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत वळून मोठ्याने म्हणाल्या, "अरे, याले चहा दे. घर लांब शे त्याचं."

बुटके मिळाले, आता रंग. आमच्या पेठेतल्या रंगाच्या दुकानात मी गेलो तेव्हा पोळा तोंडावर आलेला होता आणि दुकानात बैलांच्या शिंगांची गर्दी होती. (शिंगं घरी होती, मालक दुकानात होते. पण बोलणं सगळं शिंगांचंच.)

"काय रंगवायचंय?" दुकानदाराने विचारलं. "दार, खिडकी, का ग्रील?"

"दाढी."

"किती चौरस फूट?"

मी खिशातून एक बुटका काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने चष्मा लावला, मग काढला, मग पुन्हा लावला आणि गंभीरपणे सगळ्यांत लहान डबी काढून दिली. दादाने लिहिलं होतं, 'दाढ्या तांबूस, चिलखत पोलादी, अंगरखे डोंगरी मातीच्या रंगाचे.' डोंगरी मातीचा रंग कोणी विकत घेत नाही म्हणून तो दुकानात नव्हता. पोळ्याच्या दिवसांत मिळणार काय? राणी, पोपटी, हळदी आणि लालभडक! तांबूस म्हणून जो दिला तो उघडल्यावर चक्क शेंदरी निघाला. त्यात तो ऑइलपेंट. पहिल्या बुटक्याच्या तोंडाला मी ब्रश लावला मात्र, त्याचं नाक रंगात बुडालं ते बुडालंच. दुसऱ्याचे डोळे गेले. तिसऱ्यापासून मी टर्पेंटाइन घालून रंग पातळ करायला शिकलो, कचेरीतला शून्य नंबरचा ब्रश घरी आणला, आणि डोळ्यांची बुबुळं बाभळीच्या काट्याने टेकवू लागलो. श्वास रोखायचा, काटा शाईत बुडवायचा, टेकवायचा. श्वास सुटला की बुटका तिरळा! निम्मं सैन्य तिरळं झालं, कारण मला दमा नसला तरी घाई होती.

पहिला पूर्ण रंगलेला बुटका मी वाळायला खिडकीत ठेवला. राणी रंगाचा अंगरखा, पोपटी शिरस्त्राण, शेंदरी दाढी. आई तुळशीला पाणी घालून आली, तिने त्याला पाहिलं आणि सरळ हात जोडले.

आमची आई चोपड्याकडची. एरवी ती शहरातल्यासारखं बोलते. पण चकित झाली किंवा चिडली की अहिराणीवर येते.

"कोणता देव शे रे हाऊ?"

"देव नाही गं. बुटका आहे."

"मग शेंदूर का लावलास?"

"शेंदूर नाही, रंग आहे तो. दादा येणारे ना, त्याच्याशी लढाई खेळायचीय."

आईने बुटक्याकडे नीट निरखून पाहिलं. "देव नाही म्हणतोस, मग एवढा रागावलाय कशाला?"

त्याची कुळकथा खोक्यात फाशांबरोबर आलेल्या नियमांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिली होती, पण ती आईला सांगत बसलो असतो तर पोळी करपली असती.

पुढचे दिवस मोठे मजेत गेले असं मी म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर एकट्यानेच गेले. कचेरीतून यायचं, हातपाय धुवायचे, टेबलावर ड्रॉइंगबोर्ड आडवा टाकायचा आणि अंधार पडेपर्यंत बुटक्यांच्या दाढ्या करायच्या. (करायच्या म्हणजे रंगवायच्या. न्हावी दाढी काढतो, मी आणत होतो.) सेनापतीचं नाव मी नाना ठेवलं होतं. नाना एका पायाने दगडावर उभा होता आणि त्याची कुऱ्हाड त्याच्यापेक्षा मोठी होती. मी त्याला दिवसभरात कचेरीत काय झालं ते सांगायचो. 'नाना, आज साहेबांनी धरणाची भिंत पुन्हा बदलली.' नाना संतापलेला दिसायचाच, त्यामुळे माझी बाजू घेतोय असं वाटून बरं वाटायचं.

दादा येईपर्यंत निदान सराव तरी व्हावा म्हणून मी कचेरीतल्या चौधरीला एकदा चहाला बोलावलं. बुटके मांडले, फासे दिले, नियम समजावले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जिंकलो तं भेटतं काय?"

"काही नाही. जिंकलो याचा आनंद."

"अन् हारलो तं?"

"काही नाही."

"मंग भो, घरी बसून पण मले हेच भेटतं," असं म्हणून चौधरी चहा पिऊन गेला. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

त्यात गणपतीच्या दिवसांत पहूरहून माणसं मला बघायला आली. म्हणजे मुलीचे वडील आणि मामा. आईने सकाळपासून घर लखलखीत केलं होतं. पण मी नेमका नानाच्या कुऱ्हाडीला चांदीचा वर्ख द्यायला बसलो होतो आणि वेळेचं भान राहिलं नाही. पाहुणे दारात, मी हातात काटा घेऊन, एक डोळा मिटून, समोर ओळीने दाढीवाले!

"मुलगा काय करतो?" मामांनी विचारलं.

"ड्राफ्ट्समन आहे," आई म्हणाली.

"ते कळलं. आत्ता काय करतो?"

"खेळतोय," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

पहूरहून पुन्हा काही कळलं नाही. आईने मात्र त्याच संध्याकाळी हुकूम सोडला की हे म्हातारे पुन्हा बैठकीत दिसता कामा नयेत. मी प्रत्येक बुटका कापसात गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्यात भरला. हा डबा आणि त्याचा जुळा भाऊ आईने बोहारणीला जुन्या साड्या देऊन घेतले होते. एकाच मापाचे, एकाच घाटाचे, झाकणावरचा पोचाही सारखा. (बोहारीण म्हणाली होती, 'ताई, जोडी फोडू नका.' जोडी फोडली असती तर ही गोष्ट घडली नसती!)

आणि मग गुलाबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेला गुलाबाई आपल्या नवऱ्याला, गुलोजींना, घेऊन माहेरी येते आणि कोजागिरीला सासरी परत जाते. पोरी घरात दोघांच्या मातीच्या मूर्ती बसवतात, रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा सुखासुखी मिळत नाही. घरची बाई झाकण लावलेला डबा वाजवते आणि आत काय आहे ते पोरींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही तर बाई जिंकली. खाऊ मात्र दोन्हीकडून पोरींनाच!

आईला लेक नव्हती. त्या महिन्यात कॉलनीतल्या सगळ्या पोरी तिच्या असायच्या. मागच्या वर्षी त्यांनी तिचा खाऊ पहिल्या खळखळाटात ओळखला होता ('शंकरपाळे!') आणि तो पराभव आईने वर्षभर मनात ठेवला होता. बुटक्यांच्या तोडीचा राग होता तो. यंदा तिने डिंकाचे लाडू केले आणि आवाज येऊ नये म्हणून एकेक लाडू फडक्याच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात रचला. कोणत्या डब्यात, ते वाचकांनी ओळखलंच असेल.

पोरी आल्या. ओट्यावर गाणी रंगली. आई मधोमध बसून टाळ्या देत होती. शेवटचं गाणं चालू असताना लाईट गेली. जळगावात तेव्हा लाईट जाण्याला कोणी दचकत नसे, आल्यावर दचकत. आईने ओट्यावर कंदील लावला आणि आतल्या अंधारात हाक मारली, "भास्कर! मधल्या फळीवरचा डबा आण रे!"

मी चाचपडत गेलो, हाताला लागला तो डबा उचलला. चांगला जड लागला. मनात म्हटलं, आईचे लाडू यंदाही तसेच झालेत वाटतं! आणि तो मी स्वतःच्या हाताने, हसत हसत, आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. माझं सैन्य शत्रूच्या हवाली करणारा फितूर मीच.

आईने डबा हलवला. धब्. धब्.

"बेसनाचे लाडू!" एक पोरगी ओरडली.

"नाही!"

"खारका! सुपाऱ्या! भाजलेले बटाटे!"

"नाही, नाही, नाही!" आईच्या चेहऱ्यावर असं तेज मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मीही दाराला टेकून खुशीत उभा होतो. 'हलवा आजी, अजून जोरात हलवा!' असं पोरी म्हणत होत्या आणि आई जोरजोरात हलवत होती. आत नानाच्या कुऱ्हाडीचं काय होत असेल, याची मला कल्पनाच नव्हती.

शेजारच्या ज्योतीने डब्याला कान लावला. ही पोरगी आठवीत होती आणि अत्यंत कावेबाज होती. तिने नाकाने वास घेतला. डब्याचा नव्हे, आमच्या स्वयंपाकघराचा. "डिंकाचे लाडू!" ती म्हणाली.

आईचा चेहरा कंदिलाच्या उजेडातही उतरलेला दिसला. वर्षभराची तयारी पाण्यात! "ओळखलं गं बाई," असं पुटपुटत तिने झाकण काढलं, कापसाचा एक पुंजका उलगडला, आणि आतून शेंदरी दाढीचा, तिरळा, संतापलेला म्हातारा निघाला.

आई बुटक्याकडे बघत होती, बुटका ज्योतीकडे बघत होता (तिरळा असल्याने नक्की सांगता येत नाही). आणि मग माझ्या आईने जे केलं ते कोणत्याही सेनापतीला जमलं नसतं.

"हरल्या!" ती गरजली. "कुठायत डिंकाचे लाडू? दाखवा! हरल्या की नाही सगळ्या बठ्ठ्या?"

"पण आजी, हे काय आहे?"

"हे..." आईने अर्धा श्वास घेतला. "हे पाठराखे. गुलाबाई सासरी निघते ना, तिच्या सोबतीला जातात. एकटी कशी जाईल ती? घ्या गं, हात पुढे करा."

"आई!" मी म्हणालो.

"गप बस," आई म्हणाली.

गुलाबाईच्या नावाने उघडलेला डबा परत झाकत नाहीत, हा नियम मलाही माहीत होता. शिवाय चुकीचा डबा आला असं कबूल केलं असतं तर ज्योती जिंकली असती, आणि ते आईला माझ्या मोडलेल्या पहूरच्या लग्नापेक्षा जड गेलं असतं. एकेका तळहातावर एकेक बुटका पडत गेला. पोरी कमी पडल्या तशा काहींना दोन दोन मिळाले. नाना गेला सगळ्यांत धाकट्या पोरीकडे आणि तिने तो थेट तोंडाकडे नेला.

"तोंडात नको!" मी किंचाळलो. त्या संपूर्ण युद्धात मी दिलेली तेवढीच एक आज्ञा.

पोरी नाचत नाचत गेल्या. मी आईपुढे रिकामा डबा धरला. "अगं, दादाशी खेळायचे होते ते! महिन्यावर आलाय तो!"

"डबा कोणी आणला?"

"मी."

"मंग माले काय सांगस?"

झालं. तह. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून डिंकाचे लाडू खाल्ले. खरंच जड झाले होते.

सैन्य परत मिळवायला मी घरोघर जायला सुरुवात केली. त्या कॉलनीत राहून मला बरीच वर्षं झाली होती, पण कोणाच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. आता एकदम जाऊन म्हणायचं काय? 'वहिनी, माझा बाहुला तुमच्या मुलीकडे राहिलाय'? पहिल्या घरी मी घसा खाकरून उभा राहिलो तर त्या बाईंना वाटलं वर्गणी. दुसऱ्या घरी वाटलं मीटर रीडिंग. ज्योतीच्या घरी मात्र तिने मला थेट गुलाबाईपुढे नेलं. मातीच्या गुलाबाई-गुलोजींच्या दोन्ही अंगांना माझे दोन कुऱ्हाडवाले उभे होते. गळ्यात कापसाची वस्त्रं, कपाळावर हळदीकुंकू, पुढ्यात दोन दोन फुटाणे.

"काका, पाहा, कसे शोभून राहिले!"

शोभत होते हे खरं. राणी रंग, पोपटी रंग, शेंदरी दाढी! इंग्लंडच्या डोंगरात ते भयाण दिसले असते, पण झेंडूच्या माळेखाली त्यांचं सोनं झालं होतं. ज्योतीच्या आई पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, बसवलेलं आता मधूनच कसं उठवायचं? विसर्जनाला तलावावर या. पाण्यात घालायच्या आधी सगळ्यांचे काढून देते तुम्हाला."

हा करार मला पटला. विसर्जन कोजागिरीला, दादा दुसऱ्या दिवशी. घाईत का होईना, लढाई होणार होती.

एक सुजाताचं घर तेवढं राहिलं होतं. तिच्याकडे गुलाबाई नव्हती. टेबलावर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली तिच्या वह्या. पोरींबरोबर ती खाऊला आली होती आणि तिच्या वाट्याला शिंगवाला बुटका आला होता, म्हणजे रणशिंग फुंकणारा. तो वह्यांवर उभा होता. तिचे वडील पोस्टात होते, त्यांनी मला खुर्ची दिली. कॉलनीत मला खुर्ची देणारं ते पहिलं घर. सुजाताने बुटका माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "काका, हे कोणाशी लढतात?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. चौधरीने विचारलं काय भेटतं, मामांनी विचारलं काय करतो, आईने विचारलं रागावलाय कशाला. मला एकदम भरून आल्यासारखं झालं.

"अजून कोणाशीच नाही," मी म्हणालो. "माझा भाऊ येणारे. त्याच्या सैन्याशी लढतील."

"मग हा घेऊन जा ना तुम्ही."

मी हात पुढे केला. तेवढ्यात तीच म्हणाली, "नाही तर राहू द्या. सगळ्यांचे मिळाले की त्यांच्याबरोबरच देते. हा एकटाच तुमच्या घरी जाऊन काय करेल?"

बुटका घरी एकटा काय करेल हे मला फार चांगलं माहीत होतं. पण ते त्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. मी चहा घेऊन उठलो.

कोजागिरीच्या दुपारपासूनच मी मेहरुण तलावाच्या काठावर रिकामा डबा आणि कापूस घेऊन हजर होतो. ऊन उतरल्यावर गावभरच्या पोरी गुलाबाया घेऊन यायला लागल्या. टिपऱ्या, गाणी, आया, आज्या, चुरमुऱ्यांच्या पुड्या! सगळ्या बायाबापड्यांत डबा घेऊन उभा राहिलेला मी एकटा पुरुष. एका आजीबाईंनी प्रसाद हातावर ठेवला आणि कौतुकाने विचारलं, "तुमची पोरगी कोणती, भाऊ?"

"माझी नाही," मी म्हणालो. "मी सैन्यासाठी आलोय."

आजीबाईंनी दिलेल्या प्रसादातला थोडा परत घेतला.

आमच्या कॉलनीच्या पोरी आल्या. पुढे माझी आई! गुलाबाया एका पाटावर एकत्र मांडलेल्या, भोवती कडेकोट बंदोबस्तात माझं बठ्ठं सैन्य, सुजाताचा शिंगवालासुद्धा सगळ्यांच्या पुढे. पहिल्यांदाच ते रांगेत, शिस्तीत, कुठेतरी निघाल्यासारखे दिसत होते. मी गर्दीतून वाट काढत ज्योतीच्या आईंना गाठलं. "वहिनी, बुटके!"

"हो हो, काढते," त्या म्हणाल्या. "ज्योती, थांब गं, ते पाठराखे काढ आधी."

"काढायचे?" ज्योतीने माझ्या आईकडे पाहिलं. "आजी, मग गुलाबाई एकटीच जाणार?"

सगळ्या पोरी आईकडे बघू लागल्या. मीही. आईने माझ्या हातातला रिकामा डबा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि एक क्षण मला खरंच वाटलं की ती माझी बाजू घेणार.

"नाही गं," ती म्हणाली. "एकटीला नाही धाडायचं."

पाट पाण्यात सरकला. मातीच्या मूर्ती जरा वेळ तरंगतात, मग हळूहळू विरघळतात. शिशाला तसलं काही जमत नाही! गुबुक, गुबुक, गुबुक करत माझं सैन्य एका रांगेत तळाला गेलं. शेवटी नानाची कुऱ्हाड दिसली, मग तीही नाही. पोरी रडत होत्या, कारण गुलाबाई सासरी चालली होती. मीही रडत होतो आणि सगळ्या बायका म्हणत होत्या, किती हळवा मुलगा आहे हो! (पहूरच्या मामांनी तेव्हा बघायला हवं होतं.) घरी येताना मी आईशी एक शब्द बोललो नाही. आपली आई सगळ्या जगाला सोबत पुरवते आणि आपल्याला तेवढी विसरते, असं मला वाटत होतं. ती माझ्या शेजारूनच चालत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

रात्रभर मी दादाला काय सांगायचं ते पाठ केलं. 'दादा, लोडशेडिंगमुळे सैन्य बुडालं.' 'दादा, तू मोठ्या मनाने माफ कर.' सकाळी दादा आला. तीन दिवस राहिला. घर पाहुण्यांनी भरून गेलं. चोपड्याचे मामा आले, बोदवडचे जुने शेजारी आले. सेंट, चॉकलेटं, कॅल्क्युलेटर वाटून झाले. माझ्या ड्रॉइंगबोर्डवर दादाची सूटकेस पहुडली. त्याच्या सामानात बुटक्यांचं खोकं कुठे दिसेना. असेल तळाशी, मी म्हटलं. मी प्रत्येक जेवणाला त्याच्या शेजारी बसलो. आता विचारेल. पाणी मागितलं की वाटायचं, आता विचारेल. सबब तोंडात तयार ठेवून मी तीन दिवस कोशिंबीर गिळली. त्याने विचारलं नाही.

स्टेशनावर त्याला पोचवायला मी एकटाच गेलो. तो खिडकीत बसला, मी खाली उभा. हिरवा झेंडा दिसला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

"अरे हो! ते बुटके मिळाले होते ना तुला?"

"मिळाले."

"रंगवलेस?"

"सगळे."

"कमाल आहे तुझी! मी माझे खोक्यातून काढलेसुद्धा नाहीत. वेळच होत नाही रे. मग, खेळतोस की नाही?"

"खेळतो ना."

"कोणाशी?"

तेवढ्यात गाडी हलली. रेल्वेने आमच्या घराण्यावर केलेला सर्वांत मोठा उपकार तो. "आहेत इथे पुष्कळ!" मी डब्याबरोबर धावत ओरडलो आणि दादाने आनंदाने हात हलवला. मी दम खात उभा राहिलो. शेजारच्या हमालाने सहानुभूतीने विचारलं, "काही राहिलं का साहेब, द्यायचं?" मी नाही म्हणालो.

नियमांची पुस्तिका मात्र माझ्याकडे शिल्लक होती, फासेही होते. मग मी काय केलं, कचेरीतून पेन्सिलींचे बुडखे आणले, निम्मे तांबडे, निम्मे निळे, आणि बोर्डावर मांडले. पुस्तिकेत एकट्याने खेळायची सोय दिलेली नाही. ती मी काढली. अलीकडच्या खुर्चीत बसून माझी चाल करायची. मग उठायचं, टेबलाला वळसा घालायचा, पलीकडच्या खुर्चीत बसायचं आणि दादाची चाल करायची. आईला ही येजा दिसते. परवाही तिने कणीक मळता मळता विचारलं, "काय रे, कोण जिंकलं?"

"दादा," मी म्हणालो.

दोन्हीकडचे बुडखे माझे, दोन्हीकडचे फासे माझे, दोन्हीकडचं डोकं माझंच. आणि तरी इतक्या वर्षांत दादाला एकदाही हरवणं मला जमलेलं नाही!